त्वचेतील ओलावा आणि साध्या शर्करा

कोरडी पडलेली त्वचा मऊ करावयाची तर तिला तेल चोळावे, ही समजूत फार जुनी आहे आणि अनुभवाने ती खोटी ठरते असेही नाही. तथापि हा मऊपणा तेलामुळे येतो की तेलाने अडवून धरलेल्या पाण्यामुळे, या प्रश्नाचा प्रयोगाने निकाल लावण्याचे श्रेय अर्व्हिन ब्लँक या अमेरिकन संशोधकाकडे जाते. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग अगदी साधा होता. पायाच्या घट्ट्याचे तुकडे वाळवून ठिसूळ केले असता ते तेलकट पदार्थांत दीर्घकाळ ठेवूनही ठिसूळच राहिले. पाणी मिळताच मात्र ते लवचीक झाले. पाण्याचे प्रमाण वजनाच्या सुमारे १० टक्क्यांखाली उतरले की हा थर आपली लवचीकता गमावतो, असे या कामातून दिसून आले. त्वचेच्या कोरडेपणाचा प्रश्न हा मूलतः पाण्याचा प्रश्न आहे, ही गोष्ट तेव्हापासून सर्वमान्य झाली.

ज्या थराविषयी हे विवेचन आहे तो बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा थर, म्हणजे शृंगस्तर होय. शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी अवघी १० ते २० मायक्रोमीटर असते. केराटिन या प्रथिनाने गच्च भरलेल्या चपट्या मृत पेशींचे पंधरा-वीस पदर आणि त्यांच्यामध्ये मेदद्रव्यांचे पातळ स्तर, अशी त्याची बांधणी आहे. खालच्या जिवंत पेशींत पाण्याचे प्रमाण सुमारे ७० टक्के असते, तर शृंगस्तराच्या पृष्ठभागाशी ते १०-१५ टक्क्यांवर येते. म्हणजे केसाच्या जाडीहून कमी अंतरात पाण्याचा हा सारा उतार घडतो आणि त्या उतारावरून पाणी सतत बाहेर झिरपत राहते. पृष्ठभागाशी जे थोडेसे पाणी टिकून राहते ते केवळ केराटिनच्या बळावर नव्हे. पेशींमध्ये काही जलस्नेही लहान रेणूंचे मिश्रण असते, त्यास नैसर्गिक आर्द्रताघटक असे नाव आहे. त्यात अमिनो आम्ले सुमारे ४० टक्के, पायरोलिडोन कार्बोक्सिलिक आम्ल व लॅक्टेट प्रत्येकी सुमारे १२ टक्के आणि युरिया सुमारे ७ टक्के असून शर्करांचा वाटा अल्प आहे.

वाटा अल्प असला तरी शर्करा या थराला परकी नाही. शृंगस्तरातील सेरामाइड नावाची मेदद्रव्ये त्यांच्या पूर्वरूपात द्राक्षशर्करेच्या रेणूला जोडलेली असतात आणि एक विशिष्ट विकर तो रेणू तोडून वेगळा करतो. गोशे रोगाच्या तीव्र प्रकारात या विकराचा जवळजवळ अभाव असतो. अशा काही अर्भकांची त्वचा जन्मतःच विलक्षण जाड, ताठ व खवलेदार असते. तेथे बिघाड शर्करेच्या उणिवेचा नसून सेरामाइड मोकळे न होण्याचा आहे, हे खरे. परंतु निरोगी त्वचेत द्राक्षशर्करा प्रत्यही मोकळी होत असते, हेही त्यावरून स्पष्ट होते.

त्वचेला लावण्याच्या क्रीम व लेपांत द्राक्षशर्करा, फलशर्करा, मध, सॉर्बिटॉल, झायलिटॉल, ट्रेहॅलोज यांपैकी काही ना काही आज सर्रास आढळते. हे पदार्थ पाणी ‘खेचून घेतात’ असे सांगण्यात येते. ‘खेचणे’ हा शब्द सोयीचा असला तरी दिशाभूल करणारा आहे. शर्करेच्या रेणूवरील हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रेणूंशी हायड्रोजन बंधांनी जोडले जातात, हे खरे. परंतु म्हणून शर्करा लोहचुंबकाप्रमाणे हवेतून पाणी ओढते असे नव्हे. प्रत्यक्षात घडते ते असे की द्राव्य पदार्थ मिसळला की पाण्याचा बाष्पदाब उतरतो. शुद्ध पाण्याच्या बाष्पदाबाशी या उतरलेल्या बाष्पदाबाचे जे गुणोत्तर, त्याला जलक्रियता म्हणतात. द्रावणाची जलक्रियता भोवतालच्या सापेक्ष आर्द्रतेहून कमी असेल तर ते हवेतून पाणी घेते, अधिक असेल तर देते आणि दोन्ही समान झाल्या की देवघेव थांबते.

ही गोष्ट महाराष्ट्रातील घरांत प्रयोगशाळेशिवायही दिसते. पावसाळा सुरू झाला की गुळाच्या ढेपेला पाणी सुटते. शेजारच्या डब्यातील साखर मात्र बराच काळ कोरडी राहते. साखर म्हणजे स्फटिकरूप इक्षुशर्करा आणि तिच्या संपृक्त द्रावणाची जलक्रियता २५ अंश सेल्सिअसला सुमारे ०.८५ असते, म्हणजे सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेल्याखेरीज तिचे स्फटिक विरघळू लागत नाहीत. गुळात इक्षुशर्करेच्या विघटनाने झालेल्या द्राक्षशर्करा व फलशर्करा असतात. यांपैकी फलशर्करेची मर्यादा ६२ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि मिश्रणाची मर्यादा त्यातील प्रत्येक घटकाच्या मर्यादेहून खाली असते. कोकणात जुलै महिन्यात साखरेचा डबाही ओलसर होतो, याचे कारण तेथील हवा ८५ टक्क्यांची मर्यादासुद्धा ओलांडते.

आता हाच नियम त्वचेवरील पदार्थांना लावून पाहू जाता काही अनपेक्षित गोष्टी हाती येतात. राऊल्टच्या नियमाप्रमाणे आदर्श द्रावणातील पाण्याचा बाष्पदाब त्याच्या मोल-अंशाच्या प्रमाणात असतो. अर्थात् महत्त्व द्राव्याच्या वजनाला नसून रेणूंच्या संख्येला आहे. सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असताना द्राव्याचा एक मोल दीड मोल पाणी, म्हणजे २७ ग्रॅम पाणी धरून ठेवील. ग्लिसरीनचा रेणुभार ९२, द्राक्षशर्करेचा १८० आणि इक्षुशर्करेचा ३४२ आहे. त्यामुळे एक ग्रॅम ग्लिसरीन सुमारे ०.२९ ग्रॅम, एक ग्रॅम द्राक्षशर्करा ०.१५ ग्रॅम, तर एक ग्रॅम इक्षुशर्करा ०.०८ ग्रॅम पाणी धरील. खरी द्रावणे आदर्श नसतात, म्हणून हे आकडे थोडेबहुत बदलतील. परंतु क्रम बदलत नाही. वजनास वजन घेतले असता साधी शर्करा ग्लिसरीनच्या निम्मीच प्रभावी ठरते. शर्करेच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गट अधिक, म्हणून ती अधिक पाणी धरते, असा जो युक्तिवाद वारंवार केला जातो तो या हिशेबापुढे टिकत नाही.

दुसरी गोष्ट हवेसंबंधी आहे. सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असेल तर एक ग्रॅम द्राक्षशर्करा जवळजवळ तितकेच, म्हणजे ०.९ ग्रॅम पाणी धरते. आर्द्रता २० टक्क्यांवर आली की हाच आकडा ०.०२५ ग्रॅमवर घसरतो. पहिली स्थिती मुंबईच्या पावसाळ्यातील, दुसरी विदर्भातील मे महिन्याच्या दुपारची. ज्या हवेत त्वचेला ओलाव्याची गरजच नसते त्या हवेत शर्करा उदारपणे पाणी घेते आणि जेथे गरज असते तेथे हवेकडून तिला जवळजवळ काहीच मिळत नाही. कोरड्या हवेत तिचा उपयोग व्हावयाचा असेल तर पाणी हवेतून नव्हे, खालच्या पेशींतून वर येणाऱ्या प्रवाहातून अडविले गेले पाहिजे. त्यासाठी शर्करा शृंगस्तराच्या वर नव्हे, तर आत असावयास हवी. पृष्ठभागावरच राहिलेले आर्द्रताग्राही द्रव्य खालून आलेले पाणी घेऊन ते कोरड्या हवेला देत राहते. म्हणूनच कोरड्या हवामानात अशा द्रव्यांवर व्हॅसलीनसारखा बाष्परोधक लेप देण्याचा प्रघात आहे आणि तो सशास्त्र आहे.

शर्करा पृष्ठभागावर राहिली तर आणखी एक अडचण येते, ती चिकटपणाची. पाणी उडून गेल्यावर द्राक्षशर्करेचे द्रावण नेहमीच स्फटिक होते असे नाही. पुष्कळदा ते काचेसारखे घट्ट होते. या काचेचे चिकट द्रवात रूपांतर होण्याचे तापमान कोरड्या द्राक्षशर्करेसाठी सुमारे ३१ अंश आहे आणि त्वचेच्या पृष्ठभागाचे तापमान सामान्यतः ३२ अंशांच्या आसपास असते. त्यात किंचित् पाणी मिसळले की हे संक्रमण-तापमान आणखी उतरते. म्हणजे त्वचेवरील द्राक्षशर्करेचा पापुद्रा नेमका चिकटपणाच्या सीमेवरच वावरत असतो. फलशर्करेचे संक्रमण-तापमान तर खोलीच्या तापमानाच्याही खाली आहे. मधाचे बोट कितीही वेळ उघडे ठेवले तरी कोरडे होत नाही, ते यामुळेच. लेप करणाऱ्यांना शर्करांचे प्रमाण बेताचे ठेवावे लागते, याचे हे एक व्यावहारिक कारण.

शर्करा आत शिरते काय? तिचा रेणू लहान असला तरी कमालीचा जलस्नेही आहे, आणि शृंगस्तरातून जाणारा मार्ग मेदस्तरांतून वळणे घेत जातो. त्यामुळे जिवंत पेशींपर्यंत ती जवळजवळ पोहोचतच नाही. ग्लिसरीनची गोष्ट निराळी आहे. त्याच्या वहनासाठी बाह्यत्वचेच्या पेशींत ॲक्वापोरिन-३ नावाचे प्रथिन असते. हे प्रथिन नसलेल्या उंदरांची त्वचा कोरडी राहते आणि त्यांना ग्लिसरीन दिले असता ती सुधारते, असे २००२-०३ च्या सुमारास हारा व व्हर्कमन यांनी दाखविले. ग्लिसरीन हे नुसते पाणी धरणारे द्रव्य नसून त्वचेच्या चयापचयातील एक घटक आहे. शर्करेला बाहेरून हा मार्ग उपलब्ध नाही. तिचे कार्यक्षेत्र शृंगस्तराचे वरचे काही पदर एवढेच, आणि तेथूनही साधी शर्करा पहिल्याच धुण्यात निघून जाते.

येथे एक महत्त्वाचे प्रतिपादन विचारात घेतले पाहिजे. ‘सॅकराइड आयसोमरेट’ या नावाने एक द्रव्य प्रसाधनांत वापरले जाते. द्राक्षशर्करेवर सौम्य अल्कलीची क्रिया केली असता तिचा रेणू एनडायॉल अवस्थेतून जाऊन अंशतः फलशर्करा, मॅनोज इत्यादी समघटकांत रूपांतरित होतो. लोब्री द ब्रुइन व व्हान एकेन्स्टाइन यांच्या नावाने ही विक्रिया सेंद्रिय रसायनाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास परिचित आहे. अशा मिश्रणाची घटना शृंगस्तरातील शर्करांच्या घटनेशी मिळतीजुळती असते आणि त्यातील शर्करा केराटिनमधील लायसिनच्या टोकाच्या अमिनो गटाशी रासायनिक बंधाने जोडल्या जातात, म्हणून त्या धुऊन जात नाहीत, पेशी गळून पडेपर्यंत टिकतात, असे उत्पादकांचे म्हणणे आहे. शृंगस्तर सुमारे दोन आठवड्यांत बदलतो. तेव्हा हे म्हणणे खरे असेल तर लाभ मोठाच म्हणावा लागेल.

शर्करा प्रथिनाला जोडली जाऊ शकते, याविषयी शंका घेण्यास जागा नाही. १९१२ मध्ये लुई कामिल माय्यार यांनी वर्णन केलेली विक्रिया हीच. भाकरीच्या पापुद्र्याचा तांबूसपणा तिच्यातून येतो आणि मधुमेहाच्या तपासणीत मोजले जाणारे शर्करायुक्त हिमोग्लोबिनही तिच्याच पहिल्या टप्प्यांतून तयार होते. त्वचेवरील तिचे ठळक उदाहरण म्हणजे डायहायड्रॉक्सिॲसिटोन, ही सर्वांत साधी कीटो-शर्करा. सिनसिनाटी येथे एव्हा विटगेनश्टाइन या ग्लायकोजेन-संचयाच्या विकाराने पीडित मुलांना हे द्रव्य तोंडावाटे देत असता, ते अंगावर सांडले तेथे त्वचा तपकिरी झाल्याचे त्यांना आढळले. उन्हाशिवाय त्वचेला तपकिरी रंग आणणाऱ्या प्रसाधनांचा उगम यात आहे. हा रंग साबणाने जात नाही, वरचे पदर गळतील तसतसा काही दिवसांनी जातो. शर्करा केराटिनला घट्ट जोडली गेल्याचा याहून प्रत्यक्ष पुरावा कोणता हवा? परंतु याच उदाहरणाची दुसरी बाजू अशी की जो कार्बोनिल गट शर्करेला त्वचेवर टिकवितो तोच तिला तपकिरी करतो. टिकाऊपणा आणि डाग या गोष्टी एकाच गटाच्या पोटी येतात.

द्राक्षशर्करा लावल्याने त्वचा तपकिरी होत नाही. कारण पाण्यात तिचे रेणू बहुतांशी वलयरूपात असतात आणि मोकळा ॲल्डिहाइड गट असलेले विवृत शृंखलेचे रूप अवघे ०.००२ ते ०.००३ टक्के असते. बन व हिगिन्स यांनी १९८१ मध्ये असे दाखविले की साध्या शर्करांत द्राक्षशर्करेची प्रथिनांशी क्रियाशीलता अत्यंत कमी आहे आणि जीवसृष्टीने इंधन म्हणून हिचीच निवड केली याचे कारण कदाचित् हेच असावे. त्यात त्वचेच्या आम्लतेची भर पडते. लायसिनच्या अमिनो गटाचा पीके सुमारे १०.५, तर त्वचेच्या पृष्ठभागाचा पीएच ५ च्या आसपास. या स्थितीत तीन लाखांत सुमारे एक अमिनो गट मोकळा, म्हणजे विक्रियाक्षम असतो. हिमोग्लोबिनमध्ये जी जोडणी प्रामुख्याने होते ती व्हॅलिनच्या टोकाच्या गटाशी. तो गट लायसिनहून कितीतरी अधिक मोकळा असतो, रक्ताचा पीएच ७.४ असतो आणि तांबड्या पेशीला सुमारे १२० दिवसांचे आयुष्य मिळते. एवढे सारे अनुकूल असूनही निरोगी माणसाचे सुमारे ५ टक्केच हिमोग्लोबिन शर्करायुक्त झालेले आढळते.

केवळ एवढ्यावरून उत्पादकांचे म्हणणे फेटाळणे मात्र घाईचे होईल. रक्तात द्राक्षशर्करा लिटरला सुमारे ५ मिलिमोल असते. त्वचेवर लावलेला लेप वाळत असता तिचे प्रमाण त्याच्या हजारपट होऊ शकते. शिवाय माय्यार-विक्रियेचा वेग जलक्रियता ०.६ ते ०.७ च्या दरम्यान असताना सर्वाधिक असतो, ही गोष्ट अन्नरसायनात प्रसिद्ध आहे, आणि वाळणारा लेप याच टप्प्यातून जातो. मिश्रणातील फलशर्करेचे विवृत रूपही द्राक्षशर्करेच्या मानाने शेकडोपट अधिक असते. तेव्हा काही ना काही जोडणी होत असावी, हे संभाव्य आहे. प्रश्न असा की झालेल्या जोडणीने ओलावा किती वाढेल?

त्याचा कमाल अंदाज कागदावर करता येतो. केराटिनमधील अमिनो आम्लांत लायसिनचा वाटा शंभरात चार ते पाच धरला आणि एका घटकाचा सरासरी भार ११० मानला, तर १०० ग्रॅम केराटिनमध्ये लायसिनचे सुमारे ०.०४ मोल येतात. यांतील एकूणएक गटाला द्राक्षशर्करेचा रेणू जोडला गेला, असे अशक्यप्राय गृहीत जरी धरले, तरी ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेत त्यामुळे वाढणारे पाणी एक-सव्वा ग्रॅमच्या पलीकडे जात नाही. ज्या थरात दहा-पंधरा टक्के पाणी मुळातच आहे त्यात ही कमाल मर्यादा. आणि लक्षांश गटच मोकळे असताना प्रत्यक्ष वाढ तिच्या लहानशा अंशाएवढीच होणार. जोडलेली शर्करा टिकते पण थोडी असते. मोकळी शर्करा पुष्कळ देता येते पण टिकत नाही. लेपाचे दिवसभरातील कार्य बहुतांशी मोकळ्या शर्करेचेच असते, मग लेबलावर बंधाचे वर्णन कितीही असो.

ज्यांना कार्बोनिल गटाची जोखीमच नको ते सॉर्बिटॉल, झायलिटॉल यांसारख्या शर्करा-अल्कोहोलांकडे किंवा अक्षपणी शर्करांकडे वळतात. यांपैकी ट्रेहॅलोजचा लौकिक काहीसा चमत्कारिक आहे. वाळून कोळ झालेल्या आणि पाणी मिळताच पुन्हा हिरव्या होणाऱ्या सेलॅजिनेलाच्या काही जातींत ती सापडते, म्हणून ती त्वचेचाही ओलावा राखील असे मानले जाते. वास्तविक तिचे द्विजलीय स्फटिक दमट हवेतही सहजासहजी पाणी घेत नाहीत. नेहमीच्या अर्थाने ती आर्द्रताग्राही नव्हेच. सुकलेल्या पेशीत ती पाणी आणीत नाही; पाणी गेल्यानंतर पटलांच्या व प्रथिनांच्या ध्रुवीय गटांशी स्वतः बंध जोडून ती पाण्याची जागा भरून काढते. शृंगस्तराच्या मृत पेशींत या गुणाचा कितपत उपयोग, हा वेगळा प्रश्न आहे.

या विषयातील पुराव्याचे मूल्य मोजमापाच्या पद्धतीवर फार अवलंबून आहे. त्वचेचा ओलावा बहुधा विद्युत् धारकतेवरून मोजतात. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक ८० च्या आसपास आणि केराटिन व मेद यांचा त्या मानाने अगदी कमी, या फरकावर ती पद्धत आधारलेली आहे. परंतु उपकरणाला त्वचेतील पाणी आणि त्वचेवरील लेपातले पाणी यांत भेद करता येत नाही. शर्करेचा ओलसर पापुद्रा नुसता वर बसला असला तरी आकडा वाढतो. लेप लावल्यानंतर तासाभराने घेतलेल्या वाचनावरून काढलेले निष्कर्ष म्हणूनच जपून स्वीकारावे लागतात. शर्करा असलेला लेप आणि शर्करा वगळून केलेला तोच लेप यांची तुलना, धुण्यापूर्वी व धुतल्यानंतरची वाचने आणि त्वचेतून होणाऱ्या बाष्पहानीचे समांतर मापन, एवढे तरी निबंधात असावयास हवे. पुष्कळ जाहिरातींत ज्याचा आधार घेतला जातो त्या चाचण्यांत शर्कराहीन लेपाची तुलनाच नसते.

जोडलेल्या व मोकळ्या शर्करेचा भेद तपासण्यासाठी मोठी साधनसामग्री लागत नाही. मॅग्नेशियम क्लोराइडच्या संपृक्त द्रावणावर २५ अंशांस ३३ टक्के, पोटॅशियम कार्बोनेटवर ४३, मिठावर ७५ आणि पोटॅशियम क्लोराइडवर ८४ टक्के सापेक्ष आर्द्रता राहते. बंद काचपात्रांत या चार द्रावणांवर घट्ट्याचे पातळ काप ठेवून, एका गटाला शर्करा लावून, दुसऱ्याला लावून व कोमट पाण्याने अनेकवार धुऊन आणि तिसऱ्याला केवळ तितक्याच वेळा धुऊन, त्यांची वजने स्थिर होईपर्यंत घेतली, तर दुसऱ्या व तिसऱ्या गटांतील फरक हे जोडलेल्या शर्करेने धरलेले पाणी होय. तिसऱ्या गटाचे महत्त्व विशेष आहे, कारण धुण्याने कापांतील नैसर्गिक आर्द्रताघटकही निघून जातात आणि त्यांची घट लक्षात न घेतल्यास जोडलेल्या शर्करेचा परिणाम आहे त्याहून कमी दिसेल.